पूर्वरंग संकुलाची घटना

विद्याधर पेठे यांनी घाटकोपरच्या एका शाळेत उभी हयात नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि उभ्या हयातीत त्या विषयाबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नाही. इतिहासात निदान तलवारी असतात, भूगोलात ज्वालामुखी असतात. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून लावलेलं शेपूट. मुलं ते ऑप्शनला टाकायची. पालकसभेत पालक गणिताच्या बाईंपुढे रांग लावायचे आणि सरांकडे यायचे ते गणिताच्या बाई कुठे बसतात हे विचारायला.

म्हणून निवृत्तीनंतर पूर्वरंग संकुलाच्या फेडरेशनचं अध्यक्षपद चालून आलं, तेव्हा उशिरा का होईना पण न्याय झाला असं सरांना वाटलं. खरं तर ते पद कोणालाच नको होतं. संकुल टेकडीच्या उतारावर. वर ए आणि बी हे दोन टॉवर, त्यांत फ्लॅट विकत घेऊन आलेली माणसं. खाली सी इमारत. ज्यांच्या चाळीच्या जागेवर हे सगळं उभं राहिलं ती माणसं त्या सी इमारतीत. बहुतेक सिंधुदुर्गाकडची, गिरणीतून बाहेर पडून मिळेल त्या कामाला लागलेली. तिन्ही इमारतींच्या तीन सोसायट्या, आणि पाणी, गेट, बाग अशा सामाईक गोष्टींसाठी तिघांचं मिळून एक फेडरेशन. या फेडरेशनचा अध्यक्ष म्हणजे पाणी गेलं की ज्याला फोन करून शिव्या घालायच्या तो माणूस. सर ए टॉवरमध्ये राहत होते, निवृत्त होते आणि सभेला वेळेवर आले होते. तेवढ्यावर त्यांची बिनविरोध निवड झाली.

सरांनी पहिलं काम काय केलं, तर संकुलाची घटना लिहिली.

पावसाळाभर ते लिहीत होते. सुरुवातीला उद्देशिका होती, ‘आम्ही, पूर्वरंग संकुलाचे रहिवासी’ अशी. मग मूलभूत हक्क, मग मूलभूत कर्तव्यं, मग अधिकारांची वाटणी. पाणी, गेट आणि बाग फेडरेशनकडे. लिफ्ट, जिने आणि गच्ची ज्या त्या इमारतीकडे. भटकी कुत्री दोघांच्या सामाईक यादीत. यादीत नसलेला विषय फेडरेशनकडे जाईल असंही कलम होतं. त्यामुळे कबुतरं आपोआप फेडरेशनच्या अखत्यारीत आली, पण ती बसायची इमारतींच्या सज्जांवर. म्हणून सरांनी कबुतरांवर वेगळं परिशिष्ट जोडलं.

सभेत सरांनी हे सगळं वाचून दाखवलं. बाहेर बटाटेवडे गार होत होते. समता, न्याय आणि बंधुता या शब्दांवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण हे शब्द ऐकले की टाळ्या वाजवायच्या असतात हे शाळेपासून सगळ्यांना माहीत होतं. फक्त मृणालिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एक प्रश्न विचारला. त्या विमा कंपनीतून निवृत्त झाल्या होत्या आणि बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचायची त्यांना सवय होती. कलम सतरामध्ये लिहिलं होतं, की संकुलाच्या पाण्याला वा शांततेला धोका निर्माण झाल्यास अध्यक्ष कोणत्याही इमारतीचा कारभार आपल्या हाती घेऊ शकतील. बाईंनी विचारलं, किती दिवस? सर म्हणाले, धोका टळेपर्यंत. आणि तो टळला की नाही हे कोण ठरवणार? सर म्हणाले, अर्थात अध्यक्ष. मागच्या रांगेतून कोणीतरी वड्यांची आठवण करून दिली आणि घटना एकमताने मंजूर झाली.

पुढच्या उन्हाळ्यात तलावांची पातळी खाली गेली आणि महापालिकेने पाणीकपात जाहीर केली. सगळ्या घाटकोपरने कपाळाला हात लावला. सरांनी मात्र इस्त्रीचा सदरा घातला आणि कलम सतरा लागू केलं. तिन्ही इमारतींच्या वॉल्व्हच्या किल्ल्या त्यांनी ताब्यात घेतल्या आणि वेळापत्रक काढलं. ए टॉवरला सकाळी लवकर, बीला त्यानंतर, आणि सीला दुपारी. दुपारी का, तर टाकी तोवर पुन्हा भरते आणि सी उताराला असल्याने तिथे कमी दाबानेही पाणी चढतं. शास्त्रीयदृष्ट्या यात खोट काढता येत नव्हती. ए आणि बीमधल्या लोकांनी तर सरांना डोक्यावर घेतलं. केतन कारखानीस नावाचा एक तरुण मेंबर, जो वांद्र्याला बीकेसीतल्या मोठ्या वित्तसंस्थेत होता आणि आजवर एकाही सभेला फिरकला नव्हता, त्याने संकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की देशालाच पेठे सरांसारखा माणूस पाहिजे.

सी इमारतीत दुपारी माणसंच नसायची. कोणी शिपाई, कोणी नर्स, कोणी कुरिअरवाला, कोणी पोळ्या लाटायला गेलेली. पाणी यायचं, रिकाम्या घरांतून फिरायचं आणि जायचं. त्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष होते धोंडू तोरसकर, जुने गिरणी कामगार. ते सरांच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मास्तर, तुमचा कलम माका कळणा नाय. दुपारच्या आख्ख्या मजल्यावर मी एकटो म्हातारो. मी कोणाकोणाची पिंपां भरू?”

सरांनी त्यांना चहा दिला आणि हक्कांसोबत कर्तव्यंही येतात हे समजावलं. धोंडूंनी चहा घेतला, नमस्कार केला, आणि चार दिवसांनी पंपवाल्याला हाताशी धरून, त्याच्याकडच्या जादा किल्लीने, पहाटे सीचा वॉल्व्ह उघडला. त्या सकाळी ए टॉवरच्या वरच्या मजल्यांवर डोक्याला शांपू लावलेली माणसं नळाखाली ताटकळली.

हा संघराज्यावरचा हल्ला होता. सरांनी त्याच दिवशी नोटीस काढून सी इमारतीची समिती बरखास्त केली आणि प्रशासक नेमला. प्रशासक म्हणून त्यांना एकच निःपक्षपाती माणूस सुचला. त्यांनी स्वतःलाच नेमलं.

पुढे पाऊस झाला, तलाव भरले, कपात मागे घेतली गेली. वेळापत्रक तसंच राहिलं. दिवाळीनंतर फेडरेशनची निवडणूक व्हायची होती. सरांनी ती पुढे ढकलली, कारण संकट टळलं की नाही याचा ते अजून अभ्यास करत होते. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. खुद्द मुंबई महापालिकेतही तेव्हा निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासक पाहत होता. ज्या शहराला नगरसेवकांवाचून वर्षानुवर्षं करमतं, त्या शहरातल्या एका संकुलाचं अध्यक्षाच्या निवडणुकीवाचून काय अडतंय, असं केतन लिफ्टमध्ये म्हणाला, आणि लिफ्टमधल्या सगळ्यांना ते पटलं.

अडलं ते अनुपमाचं. अनुपमा धोंडूंची सून. ती अंधेरीला डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. एकेकाळी सरांचीच विद्यार्थिनी, आणि नागरिकशास्त्र ऑप्शनला टाकणाऱ्यांत आघाडीवर. तिला कलम वगैरे काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी दमून यावं तर घरात सासऱ्यांनी भरलेलं एक पिंप, त्यात भांडी, कपडे आणि पाच माणसं, एवढं तिला ठाऊक होतं. त्यातच धोंडूंच्या कमरेत पिंप सरकवताना चमक भरली आणि ते अंथरुणाला खिळले. मग तेही पिंप भरेना. अनुपमा आठवडाभर रजा टाकून दुपारी पाणी भरत बसली. आठवी रजा मागितली तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रेमाने विचारलं, की तुला नक्की नोकरी करायची आहे ना.

ती तशीच सरांकडे गेली आणि म्हणाली, निवडणूक घ्या. सर म्हणाले, योग्य वेळी घेऊ. ती म्हणाली, योग्य वेळ आणायला काय करावं लागतं? सरांमधला शिक्षक जागा झाला. असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कोणा विद्यार्थ्याने त्यांना विचारला होता. त्यांनी उत्साहाने सांगितलं, की एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षाला निवडणूक घ्यावीच लागते, तशी तरतूद त्यांनी स्वतः घातली आहे. दार लावून घेतल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय सांगून बसलो.

अनुपमा सह्या गोळा करायला निघाली. सीमधल्या सगळ्यांनी दिल्या, पण तेवढ्याने आकडा पुरत नव्हता. सीतली घरं मुळात कमी. ए आणि बीमध्ये तिला दारादारात पाणी मिळालं, सरबत मिळालं, सहानुभूती तर बादल्या भरभरून मिळाली. तुझं अगदी बरोबर आहे, असं प्रत्येकाने सांगितलं. सही मात्र नको. एकाच्या मुलाचं लग्न ठरत होतं, एकाला पार्किंग बदलून हवं होतं, एक गृहस्थ म्हणाले की मी राजकारणात पडत नाही. हे गृहस्थ रोज सकाळी ग्रुपवर तीन पक्षांच्या नेत्यांना फैलावर घेत. बीमधल्या रेवती नावाच्या वकीलबाईंनी तर नागरी स्वातंत्र्यावर तिच्याशी तासभर चर्चा केली, आणि शेवटी सांगितलं की आपण अशा कागदावर तत्त्व म्हणून सही करत नाही.

शेवटी एक सही कमी पडली. अनुपमा निराश होऊन ए टॉवरच्या खाली बाकावर बसली होती. मृणालिनीबाई भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कागद मागून घेतला, आधी सगळा वाचला आणि सही केली.

त्या रात्री पेठ्यांच्या घरी आमटीत मीठ कमी होतं आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. जेवण झाल्यावर सर म्हणाले, “माझ्याविरुद्ध सही केलीस.”

“तुमच्याविरुद्ध नाही. निवडणुकीच्या बाजूने केली.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक काही म्हणत नाहीत हो,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “तोच तर घोळ आहे.”

सरांनी निवडणूक जाहीर केली. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त बरोबर असण्याची सवय लागली होती. त्यांच्याविरुद्ध अनुपमा उभी राहिली. प्रचार असा झालाच नाही. अनुपमा रोज संध्याकाळी चार दारं वाजवून एवढंच सांगायची, की सगळ्यांना सकाळी थोडं थोडं पाणी मिळालं पाहिजे. सर सांगायचे, की मी घटनेचा सेवक आहे. मतमोजणी झाली तेव्हा सरांना अनुपमाच्या चौपट मतं पडली होती.

सरांना भरून आलं. आपण जे शिकवलं ते लोकांपर्यंत पोचलं, असं त्यांना वाटलं. हार घालायला केतन पुढे झाला आणि कानाशी म्हणाला, “सर, टेन्शनच नव्हतं. सीमधली बाई अध्यक्ष म्हणून कोणाला चालणार होती? तुमच्या जागी दगड असता ना, तरी आला असता.”

सरांनी हार घालून घेतला. फोटोत ते हसतच आहेत. मग ते आभाराचं भाषण करायला उभे राहिले, ‘आम्ही, पूर्वरंग संकुलाचे रहिवासी’ एवढं म्हणाले आणि थांबले. खाली बसलेल्या एकेका चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. ही मतं घटनेला पडलेली नव्हती, कामालाही पडलेली नव्हती, त्यांना तर नव्हतीच. चारचौघांसमोर पायजम्याची नाडी सुटावी तसं त्यांना झालं. त्यांनी आजवर वर्गावर्गातून मतदार हा राजा असतो असं सांगितलं होतं, पण राजा कसा असतो हा धडा पुस्तकात नव्हता.

ते घरी गेले आणि दोन दिवस बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी फलकावर तीन नोटिसा लागल्या. कलम सतरा मागे घेण्यात येत आहे. सी इमारतीची समिती पुन्हा नेमण्यात येत आहे. उद्यापासून तिन्ही इमारतींना सकाळी सारखाच वेळ पाणी.

एकाधिकारशाही होती तेव्हा ग्रुपवर फुलं आणि नमस्कार असायचे. समता आली त्या सकाळी ग्रुपवर आग लागली. ए टॉवरला रोजच्यापेक्षा थोडा कमी वेळ पाणी आलं होतं. आंघोळी झाल्या, स्वयंपाक झाले, कोणी तहानेने मेलं नाही. पण खालच्यांनाही त्याच वेळी पाणी येतंय ही गोष्ट वरच्यांना नळातून स्पष्ट ऐकू येत होती. केतनने लिहिलं की सर दबावाखाली आहेत. कोणीतरी लिहिलं की सरांचं वय झालं. रेवती वकिलांनी घटना पहिल्यांदाच उघडून वाचली आणि त्यात अविश्वास ठरावाची तरतूद शोधून काढली. त्यासाठी पुरेशा सह्या एका दुपारीत झाल्या. ज्यांचं पार्किंग अडलं होतं त्यांनीही केल्या, आणि राजकारणात न पडणारे गृहस्थ तर स्वतःचं पेन घेऊन आले.

सभा अगदी नियमाप्रमाणे झाली. गणसंख्या पूर्ण, सूचक, अनुमोदक, गुप्त मतदान, सगळं चोख. सरांनी स्वतः एकही हरकत घेतली नाही, घेण्यासारखी नव्हतीच. बेकायदा वागत होते तोवर ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांनी कायद्याने वागल्याबद्दल त्यांना कायदेशीर मार्गाने काढून टाकलं. केतन अध्यक्ष झाला. पहिल्याच बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती झाली, आणि पाणी ‘समान’ ऐवजी ‘सोयीनुसार’ मिळेल असं ठरलं. सीचं पाणी पुन्हा दुपारवर गेलं. उद्देशिकेला कोणी हात लावला नाही. ती फ्रेम करून गेटपाशी लावायचं ठरलं, ती छान दिसते म्हणून.

अनुपमाला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिच्या दारात उभे होते, काखेत घटनेची प्रत. म्हणाले, वर अपील असतं. सहकार खात्याचं कार्यालय आहे, तिथे जाऊ. धोंडू आतून अंथरुणावरूनच म्हणाले, “जा गो. मास्तर आता आपल्यातलोच झालो. तेकाय काय काम नाय.”

कार्यालयात ते दोघं बऱ्याच वेळा गेले. तारखा पडत होत्या. बाकावर बसून सर तिला संघराज्य म्हणजे काय ते सांगत. वरच्याने खालच्याचं गिळायचं नाही, खालच्याने वरच्याचं तोडायचं नाही, आणि दोघांनी आपल्या ताटाच्या पलीकडे हात घालायचा नाही. अनुपमा ऐकत असे, मधूनच दवाखान्याचे फोन घेत असे. एकदा ती म्हणाली, “सर, हे तुम्ही शाळेत असं का नाही सांगितलंत?” सर म्हणाले, “असंच सांगत होतो गं. तुम्ही डबे खात होतात.”

शेवटी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. सरांनी घटनेची प्रत पुढे केली आणि सातव्या कलमापासून युक्तिवाद सुरू केला. अधिकारी शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी प्रत उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, हे काय आहे? सर म्हणाले, आमची घटना. बाई म्हणाल्या, ही कुठे नोंदलेली दिसत नाही. सोसायट्यांना सरकारचे आदर्श उपविधी लागू असतात. याला कायद्याने काही अर्थ नाही. उद्देशिका मात्र सुंदर लिहिली आहे.

म्हणजे कलम सतराच्या आणीबाणीला अर्थ नव्हता, प्रशासकाला नव्हता, घटनादुरुस्तीला नव्हता आणि कबुतरांच्या परिशिष्टालाही नव्हता. सरांनी प्रत मिटून परत काखेत घेतली. पेन्शन नाकारली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. अनुपमाने मग आपल्या भाषेत सांगितलं, की मॅडम, त्यांना सकाळी पाणी येतं, आम्हाला दुपारी येतं, आणि दुपारी आम्ही कामावर असतो. बाईंनी लिहून घेतलं. महिन्याभराने आदेश आला. प्रत्येक घराला सारखं पाणी, सकाळच्या वेळेत.

आदेश येताच केतनने संकुलाच्या गेटवर मोठा बॅनर लावला. ‘नव्या समितीचा ऐतिहासिक निर्णय! सर्वांना समान पाणी!’ वर त्याचा हात जोडलेला फोटो, खाली बाकीच्या समितीचे गोल गोल चेहरे. त्या रविवारी वॉल्व्ह उघडण्याचा छोटा समारंभ झाला. केतनने रिबीन कापली. ए टॉवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आता हा निर्णय त्यांचाच होता. रेवती वकिलांनी दोन शब्द बोलताना समतेची परंपरा आपल्या संकुलात पहिल्यापासून आहे असं सांगितलं.

सर मागच्या रांगेत मृणालिनीबाईंशेजारी बसले होते. हे खोटं आहे असं सांगायला ते उठू लागले. बाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूच म्हणाल्या, “राहू द्या. श्रेय घेतलंय ना त्यांनी, मग आता त्यांना ते बंद करता येणार नाही.”

सर उभेच राहिले थोडा वेळ, मग बसले. अनुपमा समारंभाला आली नव्हती. सी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नळ पूर्ण सोडून ती चादरी धूत होती, आणि धोंडू दारात खुर्ची टाकून कोणाचं पिंप भरलं, कोणाचं नाही, यावरून शेजाऱ्यांशी भांडत होते.